नालाची खूण

फडतऱ्यांच्या घरात वर्षातून एकदा रंगाचा वास यायचा, आणि तो भिंतींचा नसायचा.

रहिमतपूर सोडून आत वळलं की उसाच्या रानांमधून एक रस्ता जातो. त्याच्या टोकाला कृष्णात फडतऱ्यांचं स्लॅबचं घर. पुढं पोर्च, पोर्चमध्ये ट्रॅक्टर, आणि हॉलच्या शोकेसमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर एक लोखंडी टोपी. खंडेनवमीला गाव आपापली हत्यारं पुजतं. कुणी कोयता-खुरपं पुजतं, कुणी ट्रॅक्टर, शिकलेली पोरं लॅपटॉपलाही झेंडू वाहतात. फडतऱ्यांकडं ही टोपी पुजत. रुंद काठाची, जड, उलटी ठेवली तर कढईसारखी दिसणारी. कृष्णातांचे आजोबा ज्योतिबा दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले आणि ती डोक्यावर घालून परत आले. उजव्या बाजूला तिला एक खोल पोचा होता. तिथं तोफगोळ्याचा तुकडा बसला होता. डोक्यात जायचा तो टोपीत अडला, म्हणून माणूस राहिला, म्हणून पुढचा सगळा वंश. त्या टोपीला देव मानणं या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

डाव्या बाजूला पलटणीची खूण. घरातला जो कुणी त्या वेळी फौजेत असेल त्याच्या पलटणीची खूण तिथं दरवर्षी खंडेनवमीच्या आधी नव्यानं काढायची. आधी हिरव्या रंगाचा हात, तो वाळला की वर खूण. पहिली ज्योतिबांची, मग त्यांचा मुलगा कोंडीबाची, मग नातू कृष्णातांची, आणि आता कृष्णातांचा मुलगा वीरधवलची. घरात पहिला मुलगा जन्मला की त्याच्या पहिल्या खंडेनवमीला ती टोपी क्षणभर त्याच्या डोक्यावर टेकवायची. यंदा पाळी शिवतेजची होती. अकरा महिन्यांचा तेजू, अंकिता आणि वीरधवलचा मुलगा.

एक गोष्ट मात्र बोलायची नाही, पण पाळायची: जुनी खूण वर येऊ द्यायची नाही. एकाहत्तरच्या लढाईच्या साली म्हणे टोपीचा रंग फुगला होता आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं. कोंडीबा गेल्याची तार आली. माणूस आला नाही, राखही आली नाही.

अंकिताला हे सगळं लग्नानंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. ती सांगलीची, हळदीच्या अडत्याची मुलगी, केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेली. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. फक्त ती त्यांच्याकडं लक्ष ठेवून असायची. तसं तिचं लक्ष सगळ्यावरच असे. झोपलेल्या तेजूच्या नाकापाशी बोट धरून बघायची. दुधाची बाटली उकळली तरी वास घेऊन बघायची. फोनवरच्या रेंजच्या काड्या तर येता-जाता बघायची, कारण घट बसले त्या दिवसापासून वीरधवलचा फोन नव्हता. 'वर चाललोय, रेंज नसेल, काळजी करू नकोस,' एवढाच मेसेज. सीमेवरचा माणूस काळजी करू नको म्हणाला की नक्की कशाची करायची नाही, हेच कळत नाही.

खंडेनवमीला दोन दिवस होते. सासूबाईंनी, बनुबाईंनी, टोपी खाली काढून पोर्चमध्ये वर्तमानपत्रावर ठेवली. शेजारी रंगाचा डबा, ब्रश, थिनरची बाटली. अंकिता कडेवर तेजूला घेऊन जवळ आली आणि थबकली.

"आत्ती, हे बघितलंत का?"

"काय गं?"

"इथं. डाव्या बाजूला. फुगलंय."

बनुबाई वाकल्या. वीरधवलच्या पलटणीच्या खुणेखालून काहीतरी वर येत होतं. एक वाकडी उंचवट्याची रेघ, दोन्ही टोकं खाली आलेली. घोड्याच्या नालासारखी.

"काल फडक्यानं पुसली तवा गुळगुळीत व्हती की गं," बनुबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "झाक ते. आदी हिरव्याचा हात मार. पोराची येळ हाय ही, लेकाचा फोन न्हाई... झाक, झाक."

"गंज असेल आत्ती. खाली गंज धरला की रंग सुटतोच."

"गंज तर गंज. झाक म्हनते न्हवं!" आणि त्या देवघरातल्या घटाला पाणी घालायला निघून गेल्या, जाताना दोनदा मागं वळून बघत.

अंकिता ब्रश घेऊन बसली. तेजूला समोर सतरंजीवर बसवलं. दुपार टळटळीत होती. उसात वारं नव्हतं, ट्रॅक्टरच्या पत्र्यावर हात टेकवत नव्हता. गंज कसा चढतो हे तिला सूत्रासकट येत होतं. जिथं खालचा रंग जाड असेल तिथल्या कडेनं ओल शिरते, आणि गंज त्याच कडेनं फुगतो. म्हणजे खाली कुणीतरी जाड रंगानं नाल काढलेला असणार. एवढंच. तिनं स्वतःला हे नीट समजावून सांगितलं, आणि ते पटलंसुद्धा. पण या घरातल्या एकाही पलटणीची खूण नाल नव्हती. चारही तिला पाठ होत्या.

तेवढ्यात तेजूनं हात उचलला आणि डाव्या कानशिलावर चोळायला लागला.

हे त्याचं घट बसल्यापासून चाललं होतं. कान दुखत असेल म्हणून तिनं त्याला कोरेगावला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, "कान स्वच्छ आहे, दात येतायत." तिनं मान हलवली होती. पण दात येणारी पोरं कान ओढतात, गाल चावतात. हा तळहात उघडा करून कानशिलावर ठेवायचा आणि गोल गोल फिरवायचा, एखादा मोठा माणूस दुखऱ्या जागेवर फिरवेल तसा. रडायचा नाही. हे करताना तो नेहमी शोकेसच्या वरच्या फळीकडं बघत असायचा. आता तो पोर्चमध्ये होता आणि टोपी खाली होती, तर तो खाली बघत होता.

रंगवायला सोपी जावी म्हणून तिनं टोपी उलटी केली, आणि आत ओल दिसली. तळाशी पाणी जमलं होतं, बोट बुडेल एवढं. तिनं वर पाहिलं. स्लॅब कोरडा. हात कोरडे. वर्तमानपत्र कोरडं. तिनं वाकून वास घेतला. गंजाचा नव्हता तो, इथल्या काळ्या मातीचाही नव्हता. कळीच्या चुन्यावर पाणी मारल्यावर येतो तसा. ओला, पांढरा वास.

आणि मग तिनं जे करायचं नाही तेच केलं. ब्रश बाजूला ठेवला, फडकं थिनरमध्ये बुडवलं, स्वयंपाकघरातून जुनी सुरी आणली आणि खरवडायला बसली.

पहिल्यांदा नवऱ्याची खूण गेली. तरी तिचा हात थांबला नाही. त्याखाली सासऱ्यांची, त्याखाली न पाहिलेल्या आजेसासऱ्यांची. मध्ये मध्ये हिरवा, नुसता हिरवा, वर्षावर वर्षं. पोपडे पापडासारखे सुटत होते. ज्योतिबांची खूण निघाली तेव्हा खरं तर लोखंड लागायला हवं होतं. लागला तो पिवळा रंग, आणि पिवळ्यावर पांढरा नाल. हातानं काढलेला, एक बाजू जरा जाड. नालाच्या पोटात कुणीतरी टोकदार वस्तूनं कोरलेला लहानसा चांद होता. चांदाच्या खाली कसलासा वाळका गोळा भरला होता, लाकडाची भेग भरतात तसा. सुरीचं टोक लागलं आणि तो गळून आत पडला.

तिनं टोपी उचलून डोळ्यासमोर धरली. भोकातून पलीकडचं ऊन दिसत होतं. त्या उन्हात तेजू बसला होता, डाव्या कानशिलावर हात ठेवून.

"आगं बया!" बनुबाई दारात. "काय केलंस गं हे! आगं, नवऱ्याची खूण पुसलीस? तिकडं पोरगं जिवावर उदार हून बसलंय आन तू..."

"आत्ती, ही टोपी आपली नाही."

"डोस्कं फिरलंय का तुजं? शिकल्याली म्हनून काय बी करशील व्हय?"

"ही टोपी आपली नाही," अंकिता पुन्हा म्हणाली. तिनं टोपी पुढं धरली. "हे बघा. ही खूण बघा आणि हे भोक बघा. इटलीला गेलेल्या थोरल्यांना उजवीकडं लागलं होतं. मग डावीकडं कुणाला लागलं?"

फाटक वाजलं. कृष्णात शेतावरून आले होते. बर्फातल्या नोकरीत दोन बोटं गमावलेला डावा पाय जरा ओढत. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, आवाज चढवल्याशिवाय न बोलणारा माणूस. त्यांनी वर्तमानपत्रावरचे पोपडे पाहिले, टोपी पाहिली, आणि चढवायचा आवाज काही चढवला नाही. पायरीवर बसले. डोक्याचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला.

"निगाला म्हना की नाल," ते म्हणाले.

बनुबाईंनी तोंडावर हात घेतला. "तुमाला ठावं हुतं?"

"आज्यानं सांगितल्यालं. मी भरती हून पयल्या सुट्टीला आलो तवा. आमच्या बाला त्यानं कवाच सांगितलं न्हवतं, म्हनून मला सांगितलं."

"मामा, कुणाची आहे ही?" अंकितानं विचारलं.

कृष्णातांनी मांडीवरचा टॉवेल घडी घालून बाजूला ठेवला.

"तिकडं एक नदी पार करताना आज्याची टोपी व्हावून गेली. वर डोंगरात तोफा. बिनटोपीचं म्होरं जायाचं म्हंजे मरान, आन टोपी घालवली म्हनून हवालदार सोलून काढनार त्ये येगळंच. वाटंत एक ताजी कबर व्हती. पांढरी माती. उशाला काठी रोवल्याली आन काठीवर ही टोपी. तवा तसंच करायचे. सामानसुमान म्होरं नेनारी खेचरं असायची, त्या पलटनीची खूण ही. नाल."

"मग?"

"मग काय. काढली, डोस्क्यावर घातली. दुसऱ्या दिवशी हित्तं तुकडा बसला." त्यांनी उजव्या पोच्यावर बोट ठेवलं. "आन आज्या जगला."

"कबर कुणाची होती ते त्यांना माहीत नव्हतं?"

"तेच तर हाय पोरी. माहीत हुतं." त्यांनी नालावरून अंगठा फिरवला. "अल्लाबक्ष नाव. तुज्या सांगलीचा. बाप हळदीच्या पेठंत हमाल. दोगं येका जहाजातनं गेल्याले. मराठी बोलनारं मानूस म्हनून येकमेकाला हुडकत जायाचे, तंबाखू वाटून खायाचे. परत येताना जाग्याव ठिवीन म्हनला आज्या. पन पलटन म्होरं गेली ती गेलीच. मागनं कबरी गोळा करनारी मानसं आली, ती ज्याच्याव खूण हाय तेवड्याच कबरी घिऊन गेली. बाकीच्याव कुनाचा तरी नांगर फिरला आसंल."

"आणि रंग?"

"त्यो त्यानं लगोलग मारला, आदी भोक बुजीवलं. आपल्या पलटनीची खूण काढली. दुसऱ्याची टोपी डोस्क्याव दिसली की कुनीबी इचारनार, कुठनं आनलीस? घरी आल्याव बी रंग सुटला की पुन्ना मारायचा. आमच्या बानं बगितलं, त्याला वाटलं रीत हाय. मग खंडेनवमीला घातली, झाली रीत."

बनुबाई हळूच खाली बसल्या.

"म्हंजे आमी येवडी वर्सं," त्या म्हणाल्या, "पूजा न्हवतो करत. लपवत हुतो."

अंकितानं तेजूला उचलून घट्ट धरलं.

"मी ही टोपी त्याच्या डोक्यावर ठेवू देणार नाही."

"आन त्याच्या बाचं काय?" बनुबाई एकदम कडाडल्या. "रीत मोडायची, खूण पुसायची, आन वर त्याला काय झालं म्हंजे?"

"त्याच्यासाठीच म्हणतेय आत्ती. ज्याची आहे तिथं गेली पाहिजे ती. खंडेनवमीच्या आधी गेली पाहिजे."

बनुबाई तोंड उघडून काही म्हणणार होत्या, पण कृष्णात उठले. "आमच्या बाची राख आली न्हाई," ते म्हणाले. "मी सहा वर्साचा. आज्या त्या दिवशी टोपी मांडीव घिऊन बसला हुता, आन रंग मारत हुता. रडत न्हवता, रंग मारत हुता. लाव तुज्या वडलांना फोन."

अंकिताच्या वडलांना पेठेत विचारायला फारसं लांब जावं लागलं नाही. हमालांच्या जुन्या घरांची माहिती जुन्या हमालांना असतेच. संध्याकाळी त्यांचा फोन आला. अल्लाबक्षची मुलगी जिवंत आहे. मेहरुनबी. शंभरफुटी रस्त्याच्या मागं नातवाकडं राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णातांनी ओम्नी काढली. टोपी बनुबाईंच्या जुन्या लुगड्यात बांधून अंकिताच्या पायाशी ठेवली होती. बनुबाई घट सोडून येता येत नाही म्हणाल्या, पण लुगडं त्यांनीच काढून दिलं आणि गाठही त्यांनीच मारली. वाटभर तेजू झोपला. त्याचा हात एकदाही कानशिलाकडं गेला नाही. अंकिता कराड गेलं तरी बघत होती, इस्लामपूर गेलं तरी बघत होती. सांगलीत कृष्णेचा पूल ओलांडला आणि हळदीचा वास गाडीत शिरला, लहानपणापासूनचा, घराचा. लुगड्याच्या गाठीतून दुसरा वास येत होता, ओल्या चुन्याचा. आणि तो हळदीत मिसळत नव्हता.

दार एका तरुण बाईनं उघडलं. कडेवर तेजूएवढंच पोर. अर्फा, मेहरुनबीची नातसून.

"या की. दादी सकाळपासून विचारतीय, आले का, आले का."

मेहरुनबी कॉटवर बसल्या होत्या. अंगानं काटकुळ्या, ऐंशी ओलांडलेल्या, डोळ्यांवर दुधासारखी साय. कृष्णात दारातच चप्पल काढून हात जोडून उभे राहिले. सुभेदार फडतरे असे उभे राहिलेले अंकितानं कधी पाहिले नव्हते.

"बसा आदी," मेहरुनबी म्हणाल्या. "उब्यानं आनल्याली गोष्ट चांगली नसतीया."

कृष्णातांनी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. नदी, काठी, पांढरी माती, रंग. अर्फानं पाण्याचे तांबे आणले होते ते तसेच राहिले. मग अंकितानं गाठ सोडली आणि टोपी म्हातारीच्या मांडीवर ठेवली.

मेहरुनबींची बोटं काठावरून फिरली. पोच्यावर थांबली नाहीत. डावीकडं आली, नालावरून गेली, आणि आतल्या चांदावर येऊन थांबली. अंगठ्याच्या नखानं त्यांनी तो चांद पुन्हा पुन्हा गिरवला.

"अर्फा, आकडा आन गं. खुट्टीवरचा."

अर्फानं पोती उचलायचा हमालाचा लोखंडी आकडा आणला. लाकडी मूठ घासून काळी झालेली. मुठीच्या बुडाला चांद कोरलेला होता. तेवढाच, तसाच, एक टोक जरा लांब.

"मी पोटात हुते तवा गेला त्यो," मेहरुनबी म्हणाल्या. "आई सांगायची, त्याला नाद. हातात येईल त्याच्यावर चांद कोरायचा. आकड्यावर, चुलीच्या तव्यावर. आई वरडायची, भाकरीवर चांद उटतोय म्हनायची." त्या हसल्या, आणि ते हसू अर्ध्यात राहिलं. बोट भोकात गेलं होतं. ते त्यांनी तिथंच ठेवलं.

"कबर कुठं हाय?"

कृष्णातांनी मान हलवली. "आज्याला गावाचं नाव घेता येत न्हवतं. पूल मोडल्याला, वळीनं झाडं, पांढरी माती. येवडंच म्हनायचा."

"आई चाळीस वर्सं त्याच्या नावानं फातिहा द्यायची. हात कुठल्या मातीव ठिवावा ठावं न्हवतं तिला. सरकारी कागद आला, त्यात लिवल्यालं, कबर माहीत न्हाई." त्यांनी सायीचे डोळे कृष्णातांच्या आवाजाच्या दिशेनं वळवले. "म्हंजे तुमच्या आज्याला माहीत हुती."

"व्हय."

"आन रहिमतपूर लय लांब न्हाई हितनं."

"न्हाई."

कृष्णात अडखळले. "मी... आमी माफी मागायला..."

"माफी माज्याकडं न्हाई बाबा. ज्याची टोपी त्याच्याकडं माग. माज्याकडं निसती जागा हाय." त्यांनी टोपी जवळ ओढली. "कबरस्तानात, आईच्या शेजारी. आईनंच सांगून ठिवल्याली, हितं कुनाला ठिवू नका, येईल त्यो. तिथं ठिवीन ही. उगडी. रंग न लावता."

मग त्यांनी मान अंकिताकडं वळवली. "तुजा नवरा फौजेत हाय म्हनं."

"हो."

"फोन न्हाई आला?"

अंकिता चमकली. "नाही."

"मग भ्यालीस, म्हनून ही टोपी आली. न्हाईतर आली नसती."

खोटं बोलता आलं असतं. "हो दादी," अंकिता म्हणाली. "भ्याले म्हणून."

"बरं झालं भ्यालीस. तुज्या आदी कुनी भ्यालं असतं तर माजी आई बी बगून गेली असती."

तेवढ्यात तेजू तिच्या मांडीवरून निसटला. रांगत कॉटपाशी गेला, कॉटची कड धरून उभा राहिला आणि टोपीकडं झेपावला. कृष्णात अर्धे उठले. मेहरुनबींना काही दिसत नव्हतं, पण त्यांनी टोपी झटक्यात पदराखाली ओढली आणि दुसरा हात पोराच्या डोक्यावर आडवा धरला.

"तुजी न्हाई रं ती राजा," त्या म्हणाल्या. "तुजी न्हाई."

हात त्याच्या डोक्यावरून घसरत डाव्या कानशिलावर आला आणि तिथं त्या थबकल्या. मग हळूच फुंकर घातली, पोरं पडल्यावर घालतात तशी.

टोपी तिथंच ठेवून ते निघाले. ओल्या चुन्याचा वास मात्र गाडीत राहिलाच. कृष्णातांनी सगळ्या काचा खाली केल्या होत्या.

खंडेनवमी उजाडली. ट्रॅक्टर धुतला, त्याला झेंडूची माळ घातली. कोयते, खुरपी, कृष्णातांचा जुना फौजी पट्टा, सगळं पाटावर मांडलं. शोकेसच्या वरच्या फळीवर धुळीत एक स्वच्छ गोल तेवढा उरला होता. बनुबाईंनी फडकं घेतलं, गोलापर्यंत नेलं, आणि न पुसताच परत आणलं. मग कुणी बघत नाही असं बघून त्यांनी त्या गोलात एक फूल ठेवलं. अंकिता बघत होती.

फोन वाजला तेव्हा नैवेद्याचं ताट वाढलं जात होतं.

"अंकिता? ऐकू येतंय का?"

तिनं फोन तेजूच्या कानाला लावला, परत आपल्या कानाला लावला. मागं बनुबाई "आला, आला गं माजा," म्हणत देवापुढं वाकल्या. कृष्णात पोर्चमधून आत आले आणि दाराला धरून उभे राहिले.

"अहो, कुठं होता? कसे आहात?"

"एकदम मजेत. दोनच मिनिटं आहेत, लाइन लागलीय मागं. टोपी रंगवली? तेजूच्या डोक्यावर ठेवली का? फोटो काढून ठेव."

"नाही ठेवली."

"का?"

"आलात की सांगते. सगळं सांगते."

"बरं ऐक, गंमत झाली. परवा दुपारी ओढा ओलांडताना पाण्याला ओढ होती, माझं हेल्मेट गेलं वाहून. आबांना सांगू नकोस, सोलून काढतील."

अंकितानं दाराकडं पाहिलं. कृष्णातांना ऐकू जात नव्हतं. ते नुसते हसत होते, बऱ्याच दिवसांनी.

"मग आता?" तिनं आवाज सांभाळून विचारलं.

"आता काय, मिळालं एक. चांगलं आहे. डावीकडं जरा खरचटलंय, चालतंय. फक्त त्यावर दुसऱ्या कंपनीची खूण आहे. म्हटलं आज खंडेनवमी, मुहूर्तच आहे, रंग मारून आपली काढतो."

"कुणाचं होतं ते?"

"होतं गं एकाचं."

"अहो, कुणाचं?"

पलीकडं वारा वाजत राहिला.

"शंभूराज म्हणून. माणचा. दहिवडीच्या पलीकडचा."

"तो कुठं आहे?"

"खाली नेलाय त्याला." त्याचा आवाज बदलला होता. "का विचारतेस?"

"रंग मारू नका."

"काय?"

"त्याच्यावर रंग मारू नका. ऐका माझं. खूण आहे तशी राहू दे. त्याचं नाव आत लिहा, गावाचंही. आणि दुसरं मागून घ्या, आजच मागून घ्या. हे त्याच्या घरी जाऊ दे. ऐकताय का? अहो?"

वाऱ्याचा आवाजही नव्हता. तिनं स्क्रीनकडं पाहिलं. फोन कधी तुटला, कुठल्या शब्दावर तुटला, काही कळायला मार्ग नव्हता. तिनं परत लावला. लागला नाही.

"काय म्हनला गं?" बनुबाईंनी डोळे पुसत विचारलं. "बरा हाय न्हवं?"

"बरे आहेत," अंकिता म्हणाली. "शंभूराज. दहिवडीच्या पलीकडचा."

"कोन?"

ती उत्तर देणार होती. पण कडेवरच्या तेजूनं मान वर करून शोकेसच्या त्या रिकाम्या गोलाकडं पाहिलं, आणि त्याचा उघडा तळहात हळूहळू डाव्या कानशिलाकडं जायला लागला. अंकितानं तो मध्येच धरला, आणि धरून ठेवला.